युती म्हणायचं की आघाडी? (निमित्त जर्मनीच्या निवडणुकीचं)

धागाकर्ती:
राहते म्युनिकला. इथे मतदानाचा हक्क नाही, पण फेब्रुवारी २०२५ची बुंडेस्टागची (इथल्या संसदेची) निवडणूक अगदी निकालाच्या रात्रीपर्यंत पाहिली आणि सोलापूरला बाबांना फोनवर सांगताना शब्दावर अडले. "सीडीयू आणि सीएसयू या दोन पक्षांची युती आहे" म्हटल्यावर त्यांचा पहिला प्रश्न, "जागावाटप कसं झालं?" आता जागावाटप होतच नाही! बव्हेरियात फक्त सीएसयू लढते, उरलेल्या १५ राज्यांत फक्त सीडीयू. म्युनिकच्या मतपत्रिकेवर सीडीयू हे नावच नसतं. संसदेत मात्र १९४९पासून दोघांचा गट एकच. शिवाय निकालानंतर हे दोघे मिळून एसपीडी या वेगळ्या पक्षाबरोबर सरकार बनवतात. मग युती कोणती आणि आघाडी कोणती? बातम्यांत दोन्ही शब्द वाचले.

प्रतिसाद १:
निवडणुकीआधी होते ती युती आणि निकालानंतर जमते ती आघाडी, असं बरेच जण सांगतात. आपल्याच राज्यात ते टिकत नाही. १९९९ला काँग्रेस आणि राष्ट्रवादी वेगवेगळे लढले, निकालानंतर एकत्र आले, नाव लोकशाही आघाडी. पुढे २००४ला एकत्र लढले, तरी आघाडीच. २०१४ला भाजप-सेना वेगळे लढले आणि नंतर सत्तेत एकत्र बसले, तेव्हाही लोक म्हणत होते 'युतीचं सरकार'. म्हणजे आपल्याकडे ही जवळजवळ विशेषनामं झाली आहेत. सेना-भाजप १९८९पासून 'युती', म्हणून समोरच्यांना 'आघाडी' घ्यावी लागली. १९७८ला तर 'पुरोगामी लोकशाही दल' होतं, ते पुलोद. तेव्हा या दोन्ही शब्दांवाचून कुणाचं अडलं नव्हतं.

मुळात युती हा शब्द पंचांगातला. डिसेंबर २०२०मध्ये गुरू-शनीची युती गच्चीवर जाऊन पाहिली असेल अनेकांनी. दोन ग्रह चिकटल्यासारखे दिसतात, असतात एकमेकांपासून कोट्यवधी किलोमीटर लांब, आणि काही दिवसांनी आपापल्या वाटेने निघून जातात. राजकारणासाठी हा शब्द ज्याने प्रथम उचलला त्याला दाद द्यायला हवी. आघाडी हा लष्करी शब्द. सैन्याची पुढची फळी ती आघाडी, मागची ती पिछाडी. त्यामुळे डावी आघाडी, तिसरी आघाडी असे अनेकांचे जथे त्यात मावतात. फक्त मतमोजणीच्या दिवशी पंचाईत होते. 'आघाडीची ४० जागांवर आघाडी' असं लिहायची वेळ येते.

माझं मत विचाराल तर सीडीयू-सीएसयूला यातलं काहीच म्हणू नका. 'भगिनी संस्था' आपण म्हणतोच, तसं 'भगिनी पक्ष' म्हणा. सीडीयू-सीएसयू आणि एसपीडी यांच्या सरकारला आघाडी सरकार.

प्रतिसाद २:
'मित्रपक्ष' का नको? आपल्याकडे मित्रपक्षांत 'मैत्रीपूर्ण लढत'सुद्धा होते. :)

धागाकर्ती:
म्हणूनच नको! इथे ती लढत होऊच शकत नाही. १९७६च्या नोव्हेंबरात सीएसयूने संसदेतला एकत्र गट मोडायचं ठरवलं होतं. सीडीयूने उलट बव्हेरियात शिरायची तयारी दाखवली आणि महिनाभरात सीएसयूने निर्णय मागे घेतला. त्यामुळे 'भगिनी पक्ष' पटलं. जर्मनही तसंच म्हणतात.

प्रतिसाद ३:
टोपणनावं ठेवण्यात दोन्हीकडचे लोक सारखेच. पक्षांचे रंग बघा: एसपीडी लाल, एफडीपी पिवळा आणि ग्रीन्स हिरवा, म्हणून २०२१ ते २०२४च्या तिघांच्या सरकारला तिकडे 'सिग्नल' म्हणायचे. त्याच सुमारास आपल्याकडे तीन चाकी रिक्षा चालू होती.

प्रतिसाद १:
निकालानंतरच्या बोलण्यांना काय म्हणता? इथे सगळ्यालाच 'खलबतं'.

धागाकर्ती:
इथे त्याचे दोन रीतसर टप्पे असतात. आधी 'सोंडिरुंग', त्याला मी 'चाचपणी' म्हणते. मग प्रत्यक्ष वाटाघाटी आणि छापील करार, ज्यात करांपासून पेन्शनपर्यंत सगळं लिहून काढतात. तो करार एसपीडीने आपल्या सदस्यांपुढे मताला टाकला. सामान्य कार्यकर्ता होकार देणार, मग नेते सही करणार. आपल्याकडे युती किंवा आघाडी करायची की नाही हे कार्यकर्त्याला टीव्हीवरून कळतं, तेव्हा 'सदस्यांचं मतदान' याला मराठी शब्द रुळलेला नाही यात नवल नाही.

पण एका ठिकाणी मराठी अचूक बसली. ६ मे २०२५ला सीडीयूचे नेते मेर्त्स चॅन्सेलरपदाच्या (म्हणजे इथल्या सरकारप्रमुखाच्या) मतदानात पहिल्या फेरीत पडले. त्यांच्या बाजूचे खासदार ३२८, मतं हवी होती ३१६, मिळाली ३१०. मतदान गुप्त, त्यामुळे कुणी दगा दिला ते कळायची सोय नाही. दुपारी दुसऱ्या फेरीत ३२५ मिळून निवडून आले. बाबांना फक्त एवढंच सांगितलं, "मतं फुटली." पुढचं काही समजावावं लागलं नाही. विधान परिषदेच्या निवडणुका त्यांनी आयुष्यभर पाहिल्यात.

प्रतिसाद २:
मग बाबांनी 'घोडेबाजार झाला का?' विचारलं असेलच.

धागाकर्ती:
विचारलं. नाही म्हटलं, तर त्यांचा विश्वास बसला नाही.