एचपी-४१सी: गणिताचं मोड्यूल लावूनही ‘नॉनएक्झिस्टंट’ – मदत हवी आहे

कॅल्क्युलेटर १९७९ सालचं मूळ मॉडेल, जादा मेमरी नाही. दोन नंबरच्या खाचेत मॅथ मोड्यूल (गणिताची जादा फंक्शनं देणारी डबी), चारमध्ये कार्ड रीडर (प्रोग्रॅम चुंबकीय कार्डावर साठवणारा). दोन खांबांमधल्या तारेचा झोळ काढणारा प्रोग्रॅम छापील यादीवरून भरतोय, शनिवारी विद्यार्थ्यांना प्रात्यक्षिक दाखवायचंय. भरताना ‘पॅकिंग’, मग ‘ट्राय अगेन’ आलं (म्हणजे जागा पुरत नाही), म्हणून साइज, म्हणजे आकडे साठवायच्या रजिस्टरांची (कप्प्यांची) संख्या, १७ वरून १० केली. प्रोग्रॅम मावला, पण चालवला की ‘नॉनएक्झिस्टंट’ (अस्तित्वात नाही) असा संदेश. काही ओळींत कॉश (हायपरबोलिक कोसाइन, झोळासाठी लागणारं मोड्यूलमधलं फंक्शन) दिसतच नाही, ‘एक्सरॉम ०१’ (मोड्यूलचा क्रमांक) आणि पुढे आकडे दिसतात. काही ओळींत मात्र ‘एक्सईक्यू’ (‘चालव’ ही आज्ञा) आणि कॉश असं दिसतं. शिवाय कार्ड अर्ध्यात अडकतं.

प्रतिसाद १
हा एकच संदेश दोन वेगळ्या कारणांनी येतो. थांबल्यावर पीआरजीएम (प्रोग्रॅमच्या ओळी दाखवणारी कळ) दाबा, अडलेली ओळ समोर येईल. ती ‘एक्सरॉम’ची असेल तर मोड्यूल यंत्राला सापडत नाहीये. एसटीओ (रजिस्टरात साठव) किंवा आरसीएल (रजिस्टरातून काढ) असेल तर तो रजिस्टरच अस्तित्वात नाही. साइज १० म्हणजे ०० ते ०९ एवढेच. यादीत कुठपर्यंत वापरलेत?

आधी कॅटलॉग २ (लावलेल्या मोड्यूलांची यादी) चालवा. त्यात मॅथ दिसलं नाही तर यंत्र बंद करून (चालू असताना कधीच नाही) मोड्यूल काढा, संपर्कपट्ट्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, पूर्ण वाळू द्या, घट्ट बसवा. मग १ चा कॉश काढा, १.५४३१ यायला हवा.

प्रतिसाद २
जागा कमी पडण्याचं मूळही मोड्यूलच्या संपर्कातच आहे. मोड्यूल सापडत असताना कॉश भरलं तर ओळ २ बाइटची होते. सापडत नसताना भरलं तर नाव अक्षरश: साठवलं जातं: २ अधिक ४ अक्षरं, म्हणजे ६ बाइट. मोड्यूल नंतर लावलं तर अशी ओळ चालते, पण दर वेळी नाव शोधत बसते. तुमचा संपर्क मध्येच तुटला असणार, म्हणून दोन्ही प्रकार दिसतात. लांब ओळी पुसून पुन्हा भरा.

एकूण ६३ रजिस्टर, प्रत्येकी ७ बाइट. साइज १७ ला प्रोग्रॅमसाठी ४६ उरतात, म्हणजे ३२२ बाइट. कळांना नेमून दिलेली फंक्शनंही यातूनच जागा खातात, नको ती काढा.

पुढे क्वाड मेमरी (जादा मेमरीचं मोड्यूल) मिळाली तर ती एक नंबरच्या खाचेत. मेमरी नेहमी सर्वांत खालच्या क्रमांकात, मॅथ तिच्या वरच्या.

धागाकर्ता
कॅटलॉगमध्ये मॅथ नव्हतंच! पुसल्यावर १.५४३१ आलं. रजिस्टर ११ पर्यंत लागतात, म्हणून साइज १२ केली. कॉशच्या ९ ओळी नव्याने भरल्या, ३६ बाइट सुटले. प्रोग्रॅम आता ३१० बाइटच्या आसपास आहे आणि चालतोय. कार्डाचं काय करू?

प्रतिसाद ३
कार्ड ओढू नका. रीडरमधला रबरी रोलर वितळून चिकट झाला असेल, या यंत्रांत तो हमखास होतो. यंत्र बंद करून रीडर काढा, उघडा, चिकटा अल्कोहोलच्या बोळ्याने पुसा आणि त्याच व्यासाची सिलिकॉन नळी बसवा. नळी जाड झाली तर कार्ड अडतं, बारीक झाली तर घसरतं आणि ‘चेकसम एरर’ (कार्ड नीट वाचलं गेलं नाही) येतो. चाचणी कोऱ्या कार्डावर घ्या, जुन्या भरलेल्या कार्डावर नको. रीडरची मोटर बॅटरी बरीच खाते, चारही एन साइज सेल नवे घाला.

एका बाजूला ११२ बाइट मावतात, तुम्हाला तीन बाजू लागतील. पीआरजीएममध्ये असताना कार्ड घाला, पहिल्या बाजूनंतर ‘आरडीवाय ०२ ऑफ ०३’ दिसेल. शनिवारपर्यंत नळी मिळाली नाही तर रीडर काढूनच ठेवा, प्रोग्रॅम यंत्रात राहतो. फक्त सेल बदलायला वेळ लावू नका.