न्यूरोफीडबॅक थेरपी: सुरू करण्याआधी काय माहीत असावं?

रेवती_म

नमस्कार मंडळी,

माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे. गेल्या वर्षी त्याला एडीएचडी (लक्ष न टिकणं, अतिचंचलपणा) असल्याचं निदान झालं. त्यासाठी मिथाइलफेनिडेट हे औषध सुरू आहे आणि शाळेत त्याचा उपयोग दिसतोय. पण औषधाचा असर उतरला की संध्याकाळ फार अवघड जाते, भूकही मंदावली आहे. आता समुपदेशकांनी न्यूरोफीडबॅक सुचवलंय. आठवड्यातून दोन-तीन सेशन, असं काही महिने. केंद्र बघून आलो. एक मुलगी डोक्याला वायरी लावून पडद्याकडे बघत होती आणि पडद्यावर विमान उडत होतं. "मेंदू स्वतःच शिकतो," असं आम्हाला सांगितलं. काय शिकतो आणि कसं, हे विचारायचं राहूनच गेलं.

डोक्यात करंट वगैरे सोडतात का? दुखतं का? औषध बंद करावं लागतं का? आणि मुख्य म्हणजे, फरक पडतोय हे आपण ओळखायचं कसं? नवरा म्हणतो हे सगळं थोतांड आहे, सासूबाई म्हणतात करून बघायला काय हरकत आहे. मला दोन्हींतलं काहीच पटत नाहीये. कुणी मुलांसाठी केलं असेल किंवा या क्षेत्रातलं कुणी असेल तर कृपया सविस्तर लिहा.

अनिरुद्ध_७

माझ्या मुलीसाठी केलं होतं, चिंतेच्या त्रासाकरता. अजिबात दुखत नाही. चिकट पेस्ट लावतात, ती केसांतून निघायला वेळ लागतो, त्यामुळे सेशननंतर केस धुवावे लागतील हे धरूनच वेळ ठरवा. सुरुवातीला तिला मजा वाटायची, पुढे कंटाळा येऊ लागला. सेशन झाल्यावर बऱ्याचदा थकलेली असायची, कधी डोकं दुखायचं, पण ते त्याच दिवशी थांबायचं.

फायदा झाला का, याचं उत्तर देणं मला जमत नाही. ती शांत झाली हे खरं. पण त्याच काळात तिची शाळाही बदलली होती.

वृंदा_ईईजी

रेवतीताई, मी ईईजी तंत्रज्ञ आहे, म्हणजे मेंदूच्या विद्युत लहरींची नोंद घेणारी. बरीच वर्षं न्यूरॉलॉजी विभागात रेकॉर्डिंगचं काम केलं, मग काही काळ एका केंद्रात न्यूरोफीडबॅकची सेशनही घेतली. तुमच्यासारखे आईवडील रोज समोर बसलेले असायचे. त्यांना जे सांगायची, तेच इथे लिहिते.

आधी करंटबद्दल. डोक्यात काहीही सोडत नाहीत. इलेक्ट्रोड, म्हणजे डोक्याला लावलेल्या वायरीचं टोक, फक्त टाळूवरची विद्युत हालचाल टिपतो आणि ती मायक्रोव्होल्टमध्ये, म्हणजे व्होल्टच्या दहा लाखाव्या भागांत मोजतात. करंट सोडणाऱ्या उपचारपद्धती आहेत, पण त्या वेगळ्या. केंद्रात कुणी "स्टिम्युलेशन" हा शब्द वापरला तर तिथेच थांबवून विचारा की हे न्यूरोफीडबॅक आहे की आणखी काही.

सेशनमध्ये असं होतं: कंगव्याच्या टोकाने केसांचा भांग पाडतात, त्या जागी खरखरीत जेलने त्वचा थोडी घासतात, मग पेस्ट भरलेली छोटी वाटी चिकटवतात. लक्ष एकाग्र होण्यासाठीचं प्रशिक्षण असेल तर ही जागा बहुधा डोक्याच्या बरोबर मध्यावर असते. कानाच्या पाळ्यांना क्लिप लावतात. मूल खुर्चीत बसतं आणि पडदा सुरू होतो. सगळं धरून पाऊण तास ते तासभर लागतो, प्रत्यक्ष प्रशिक्षण साधारण अर्धा तास. एडीएचडीसाठीच्या नेहमीच्या पद्धतीत सेकंदाला चार ते आठ आवर्तनांच्या थीटा लहरी कमी झाल्या आणि त्याहून वेगवान बीटा लहरी वाढल्या की विमान वर जातं. नाही झालं तर खाली येतं किंवा पडदा अंधुक होतो. मेंदूला बक्षीस मिळत गेलं की तो ती अवस्था पुन्हापुन्हा गाठायला शिकेल, ही त्यामागची कल्पना. ती काही हवेतून आलेली नाही. १९६० च्या दशकात बॅरी स्टर्मन यांनी मांजरांना एक विशिष्ट लय वाढवायला शिकवलं होतं, आणि त्या मांजरांना झटके (फिट) आणणारं रसायन दिल्यावर त्यांना झटके उशिरा आले. पुढे जोएल लुबार यांनी १९७० च्या दशकात हीच वाट चंचल मुलांकडे वळवली.

आता सगळ्यात महत्त्वाचं. विमान उडतंय म्हणजे मेंदू शिकतोय असं समजू नका. विमान दोन गोष्टींमुळे उगाचच उडू किंवा पडू शकतं.

पहिली गोष्ट म्हणजे स्नायू. जबडा आवळला, कपाळाला आठ्या घातल्या की यंत्रावर उमटणारी लहरींची रेघ एकदम काळी, दाट आणि केसाळ होते. ही स्नायूंची वीज असते आणि तिचा मोठा भाग नेमका बीटाच्या पट्ट्यात मोजला जातो. म्हणजे दात आवळून बसलेलं मूल पडद्यावर "एकाग्र" दिसू शकतं! मी सेशन घेताना नजर मुलाच्या कानशिलावर ठेवायची, पडद्यावर नंतर. तुम्ही केंद्रात गेलात की सांगा, "आम्हाला कच्ची रेघ दाखवा." मग मुलाला डोळे मिचकवायला सांगा, मोठी लाट दिसायला हवी. जबडा आवळायला सांगा, रेघ दाट व्हायला हवी. डोक्याच्या मागच्या भागावर इलेक्ट्रोड असेल तर डोळे मिटायला सांगा. बहुतेकांमध्ये तिथे सेकंदाला आठ ते बारा आवर्तनांची अल्फा लय उठते. माणसाचा ईईजी पहिल्यांदा टिपणाऱ्या हान्स बर्गर यांनी १९२९ साली वर्णन केलेली लय ती हीच. हे दाखवायला पाच मिनिटंसुद्धा लागत नाहीत. जो माणूस ते आनंदाने दाखवतो आणि "आत्ता हा स्नायू आहे, आत्ता ही लहर आहे" असं सांगू शकतो, त्याच्या हातात मुलाचं डोकं द्यायला हरकत नाही. "पालकांना त्यातलं काय कळणार" असं उत्तर मिळालं तर उठून या.

दुसरी गोष्ट म्हणजे थ्रेशोल्ड, बक्षीस मिळण्याची पातळी. काही सॉफ्टवेअरमध्ये ही पातळी आपोआप सरकते. मूल थकलं की उंच उडीची काठी कुणीतरी हळूच खाली घ्यावी तसं होतं, आणि बक्षिसांचं प्रमाण दर वेळी सारखंच राहतं. त्यामुळे "तुमच्या मुलाला आज सत्तर टक्के गुण मिळाले" या वाक्याला काहीच अर्थ उरत नाही. पातळी कोण ठरवतं आणि कधी बदलतं, हे विचाराच.

आता थोतांड की नाही, त्याबद्दल. अमेरिकेत सात ते दहा वर्षांच्या १४४ मुलांवर एक काटेकोर चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०२१ मध्ये छापून आले. काही मुलांना खरं प्रशिक्षण दिलं. बाकीच्यांनाही तसंच खुर्चीत बसवलं, वायरी लावल्या, पण बक्षीस आधीच रेकॉर्ड केलेल्या लहरींवर दिलं. कुठल्या मुलाला काय मिळतंय हे मुलांना, पालकांना, शिक्षकांना, कुणालाच माहीत नव्हतं. पालकांच्या आणि शिक्षकांच्या मते दोन्ही गटांतली मुलं सुधारली, बऱ्यापैकी सुधारली. पण दोन गटांमध्ये लक्षणीय फरक नव्हता, वर्षभरानंतर पाहिलं तेव्हाही नव्हता.

म्हणून तुमच्या यजमानांना "काहीच होत नाही" असं म्हणता येणार नाही आणि केंद्रालाही "लहरी बदलल्या म्हणून मूल सुधारलं" असं म्हणता येणार नाही. मला स्वतःला वाटतं की आठवड्यातून दोन-तीनदा एक मोठं माणूस पूर्ण लक्ष देऊन मुलाशेजारी बसतं, त्याला रागावत नाही, छोट्या यशाचं कौतुक करतं, हे या मुलांच्या आयुष्यात फार दुर्मीळ असतं. दिवसभर ती "नीट बस, लक्ष दे" एवढंच ऐकत असतात. त्याचा परिणाम खरा असतो. पण तो मिळवायला वायरीच लागतात असं नाही, आणि हे खर्च करण्याआधी प्रत्येक आईवडिलांना कुणीतरी स्पष्ट सांगायला हवं.

औषध मात्र स्वतःहून अजिबात बंद करू नका, कमीही करू नका. केंद्राने सांगितलं तरी नाही. आणि मुलाला कधी झटका आला असेल तर सेशन सुरू करण्याआधी न्यूरॉलॉजिस्टला विचारणं भाग आहे.

मंदार_के

वृंदाताईंचा प्रतिसाद जपून ठेवण्यासारखा आहे. मी प्रौढपणी केलं, एडीएचडीसाठीच. आत बसल्यावर कसं वाटतं ते सांगतो. जोर लावून लक्ष द्यायला गेलो की आलेख खाली यायचा. "कसं करू?" असं विचारलं तर "काही करू नका, बघत राहा" हे उत्तर मिळायचं, आणि त्याची चीड यायची. हळूहळू असं झालं की मन भरकटलं की ते मलाच चटकन कळायला लागलं. पूर्वी अर्धा तास निघून गेल्यावर कळायचं. हे लहरींमुळे झालं की नुसतं रोज तसं बसल्यामुळे, माहीत नाही, पण मला कामात उपयोग झाला. गोळी मात्र चालूच आहे.

नऊ वर्षांच्या मुलाला "काही करू नको" हे कसं समजावतात, याची उत्सुकता आहे.

वृंदा_ईईजी

मंदार, मुलांना समजवावं लागत नाही. ती मोठ्यांपेक्षा लवकर सैल होतात. "विमान तूच उडवतोयस, पण हाताने नाही" एवढं पुरतं. अडचण वेगळीच येते. काही मुलं विमान पडलं की हिरमुसतात, "मी हरलो" म्हणून रडायला लागतात. अशा वेळी सेशन थांबवून गप्पा मारायला हव्यात. घड्याळ बघून रेटणारा माणूस या कामाचा नाही.

रेवती_म

वृंदाताई, किती आभार मानू! यजमानांना वाचून दाखवलं, त्यांनी दोनदा वाचायला लावलं.

आणखी एक विचारायचंय. केंद्राने आधी "ब्रेन मॅप" करायला सांगितलंय. त्यांनी दुसऱ्या एका मुलाचा नमुना दाखवला, त्यात पुढचा भाग लालभडक होता. बघून पोटात गोळाच आला. माझ्या मुलाच्या मॅपमध्ये असं काही निघालं तर?

वृंदा_ईईजी

त्या रंगांना घाबरू नका. ब्रेन मॅप म्हणजे क्यूईईजी. मुलाचा ईईजी त्याच वयाच्या मुलांच्या आकड्यांशी ताडून बघतात आणि सरासरीपासून तो किती लांब आहे ते रंगांत दाखवतात. लाल म्हणजे इजा नव्हे, आजारही नव्हे. मूल पेंगुळलेलं असेल, हललं असेल, सकाळी गोळी घेतली असेल तर तेवढ्यानेही चित्र बदलतं. एडीएचडीचं निदान त्यावरून करत नाहीत. ते मुलाचा इतिहास, तुमचं बोलणं आणि शाळेतलं वागणं यांवरून होतं, आणि तुमचं ते झालेलं आहे. अमेरिकेत औषधांना आणि वैद्यकीय यंत्रांना परवानगी देणाऱ्या एफडीएने २०१३ मध्ये थीटा-बीटा गुणोत्तर मोजणाऱ्या एका यंत्राला परवानगी दिली, पण तीसुद्धा डॉक्टरांच्या तपासणीला पूरक म्हणूनच. त्यानंतरच्या अभ्यासांत त्या गुणोत्तराचं वजन कमीच होत गेलंय.

संध्याकाळचं तुम्ही लिहिलंत, त्यावर आधी बोलूया असं मला वाटतं. औषध उतरतानाचा त्रास डॉक्टरांना वेळांसह सांगा: किती वाजता चिडचिड सुरू होते, किती वाजता भूक लागते. मात्रेची वेळ किंवा औषधाचा प्रकार बदलून यात पुष्कळदा फरक पडतो. आणि पालकांसाठीचं वर्तन-प्रशिक्षण झालंय का? अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांत या वयासाठी औषधाच्या जोडीला तेच आणि शाळेतली मदत सुचवली आहे. ते झालं नसेल तर माझ्या मते आधी ते करा, वायरी नंतर.

रेवती_म

नाही, ते प्रशिक्षण कुणी सुचवलंच नव्हतं. उद्याच डॉक्टरांना फोन करते. त्यानंतरही न्यूरोफीडबॅक करायचं ठरलं, तर फरक ओळखण्याची तुमची पद्धत काय?

वृंदा_ईईजी

केंद्राच्या आलेखावर ठरवू नका. घरातली दोन-तीन ठोस कामं निवडा. गृहपाठाला बसल्यावर किती वेळा उठतो, दप्तर भरायला किती वेळा सांगावं लागतं, असं काही. सुरू करण्याआधीचे दोन आठवडे रोज नुसता आकडा लिहा, मग पुढेही तसंच चालू ठेवा. वर्गशिक्षिकांकडून कॉनर्स किंवा व्हँडरबिल्ट ही एडीएचडीची लक्षणं मोजणारी प्रश्नावली आधी एकदा भरून घ्या आणि मध्यावर पुन्हा. शक्य असेल तर सेशन कधी सुरू झाली ते त्यांना सांगू नका, म्हणजे त्या जे दिसतं तेच लिहितील. या काळात औषधाची मात्रा बदलली, परीक्षा आली, आजारपण झालं तर वहीत तारीख टाका. नाहीतर अनिरुद्ध यांच्यासारखं होतं, बदल दिसतो पण कशामुळे ते कळत नाही.

सगळ्या सेशनचे पैसे एकदम भरू नका. वीसेक सेशन झाल्यावर वही आणि प्रश्नावली घेऊन तुमच्या डॉक्टरांकडे जा, केंद्राकडे नाही. आकडे हलले नसतील तर थांबा. "अजून थोडी केली की फरक दिसेल" असं तिथे सांगतील, त्यांना वही दाखवा. आणि मुलाला आधीपासूनच सांगून ठेवा की हे आपण करून बघतोय, थांबवलं तर त्यात त्याचा काही दोष नसेल.