शब्दचर्चा : ‘संशोधन’ म्हणजे शोध लावणे की शुद्ध करणे?

प्रश्नकर्ती :

मी समाजशास्त्रात पीएच.डी. करते आहे. परवा नात्यातल्या एका काकांनी कौतुकाने विचारलं, ‘‘चार वर्षं संशोधन चाललंय ना तुझं? मग शोध कसला लावलास?’’ मला काही केल्या उत्तर देता येईना. कामासाठी परगावी गेलेल्या माणसांनी घरी धाडलेली जुनी पत्रं मी वाचते, तारखा लावते, अक्षर ओळखते, पुन्हा वाचते. पत्रं त्या त्या घरांत होतीच. मी ती ‘शोधून काढली’ असं म्हणायला जीभ रेटत नाही, आणि ‘शोध लावला’ तर मुळीच नाही. मग मी करते ते संशोधन कसं?

त्यात हिंदी वाचताना आणखी गोंधळ होतो. तिथे ‘संशोधन’ म्हणजे दुरुस्ती. आपली ४२वी घटनादुरुस्ती हिंदीत ‘संविधान संशोधन’ होते. एकच शब्द दोन शेजारी भाषांत इतका लांब कसा गेला?

जाता जाता आणखी दोन शंका. ‘ह्युमॅनिटीज’साठी, म्हणजे काव्य, इतिहास, नीतिशास्त्र अशा विषयांसाठी, मानव्यविद्या, मानवविद्या, मानव्यशास्त्रे असे तीन शब्द मला सापडले, त्यांतला कोणता धरावा? आणि प्रबंधात ‘हायपोथिसिस’ला सगळे ‘गृहीतक’ लिहितात, ते मला खटकतं. का खटकतं ते मात्र नीट सांगता येत नाही.

* * *

ग्रंथसंपादक :

तुमच्या काकांच्या प्रश्नातच उत्तराचं टोक आहे. त्यांनी ‘शोध’ आणि ‘संशोधन’ एका दावणीला बांधले. धातू एकच, ‘शुध्’. पण त्याचा मूळ अर्थ शुद्ध होणे. हुडकणे हा अर्थ मागाहून आला. सम् + शोधन म्हणजे नीट, पुरतेपणी शुद्ध करणे. वैद्यकात शोधन आणि शमन असे उपचाराचे दोन प्रकार सांगतात, त्यातलं शोधन म्हणजे दोष बाहेर काढणं. पंचांगातल्या तिथी आकाशाशी ताडून दुरुस्त करणं म्हणजे पंचांगशोधन. छापखान्यातला मुद्रितशोधक कसलाही ‘शोध’ लावत नाही. तो मूळ प्रत आणि छापील मजकूर शेजारी ठेवून चुका काढतो. मी उमेदीची बरीच वर्षं तेच काम केलं आहे.

मराठीत या अर्थाचा सगळ्यात सुंदर दाखला एकनाथांचा आहे. शके १५०६मध्ये, म्हणजे इ.स. १५८४ साली, त्यांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि शेवटी तसं लिहून ठेवलं : ‘ग्रंथ पूर्वींच अतिशुद्ध । परी पाठांतरीं शुद्ध अबद्ध । तो शोधूनियां एवंविध । प्रतिशुद्ध सिद्धज्ञानेश्वरी ॥’ इथलं ‘शोधूनियां’ पाहा. ग्रंथ हरवलेला नव्हता, तो घरोघर वाचला जात होता. नकला करता करता त्यात जे मिसळलं, बिघडलं, ते नाथांनी निवडून काढलं. ‘पाठांतर’ हा शब्दही इथे घोकंपट्टीचा नाही. एकाच ओवीचा दुसरा पाठ, ज्याला आपण आज पाठभेद म्हणतो, तो अर्थ आहे.

म्हणजे तुम्ही त्या पत्रांचं जे करता ते नाथांच्या अर्थाने शोधणंच आहे. तारीख लावणं, अक्षर कुणाचं ते ठरवणं, पत्र स्वतः लिहिलं की दुसऱ्याकडून लिहून घेतलं ते पाहणं.

* * *

बहुभाषी वाचक :

तीनचार भाषांचा मासला देतो, मजा वाटेल. बंगालीत संशोधनाला ‘गवेषणा’ म्हणतात, म्हणजे मुळात गो + एषणा, गायी हुडकत हिंडणे. तेलुगूत ‘परिशोधन’. कन्नड आणि गुजरातीत आपल्यासारखंच ‘संशोधन’. हिंदीत ‘शोध’ किंवा ‘अनुसंधान’, नेपाळीत ‘अनुसन्धान’. इंग्रजीतला ‘रिसर्च’ जुन्या फ्रेंचमधून आला. त्याच्या पोटातला ‘सर्च’ लॅटिनमधल्या गोल फिरण्याच्या क्रियापदावरून निघाला आहे, ‘सर्कस’शी त्याचं नातं आहे. ‘रि म्हणजे पुन्हा, म्हणून रिसर्च म्हणजे पुन्हा शोधणे’ असं कार्यशाळांतून हमखास सांगतात, ते बरोबर नाही. तिथला ‘रि’ जोर दाखवणारा आहे : कसून शोधणे.

तेव्हा कुणी गायीमागे हिंडतं, कुणी घिरट्या घालतं, आपण धुतो-निवडतो. मला आपला शब्द जास्त आवडतो.

आणि हिंदी ‘संशोधन’ लांब गेलेला नाही, तो मूळ अर्थाच्या अधिक जवळ राहिला. लांब आपण गेलो.

* * *

संस्कृतची शिक्षिका :

थोडा विरोध नोंदवते. व्युत्पत्तीवरून शब्दाचा आजचा अर्थ ठरवायचा नसतो. आमच्याकडे याची ठरलेली उदाहरणं आहेत. ‘प्रवीण’ म्हणजे वीणा उत्तम वाजवणारा, ‘कुशल’ म्हणजे हात न कापता कुश खुडणारा. आज स्वयंपाकात प्रवीण असलेल्या बाईने वीणा पाहिलेलीही नसते. मग ‘संशोधन’ म्हणजे शुद्ध करणं हे आज कशाच्या आधारावर म्हणायचं? नाथांची ओवी सोळाव्या शतकातली आहे. आजचा बोलणारा माणूस हा शब्द कसा वापरतो, ते दाखवा.

* * *

ग्रंथसंपादक :

बाई, तुमचा आक्षेप मान्य आहे. व्युत्पत्ती बाजूला ठेवून नुसती क्रियापदं पाहू. मराठीत शोध घेतात, शोध लागतो, शोध लावतात. तीन क्रियापदं, तीन टप्पे : हुडकणं, सापडणं, आणि नवं काही पुढे आणणं. हरवलेल्या मुलाचा शोध घेतात. लागला तर लागतो. आता ‘संशोधन’ घ्या. त्याला फक्त ‘करणे’ चालतं. ‘संशोधन लागलं’ असं कुणी म्हणत नाही, ‘संशोधन लावलं’ही नाही. म्हणजे आजच्या बोलणाऱ्यालाही कुठेतरी ठाऊक आहे की शोध ही घटना आहे आणि संशोधन हे काम आहे. शोध एका क्षणी लागू शकतो. काम मात्र रोज सकाळी पुन्हा करायला बसावं लागतं.

एक गुंता मात्र राहतो. समासात गेला की ‘शोध’ही संशोधनाचा अर्थ घेतो : शोधनिबंध, शोधप्रबंध. सुटा ‘शोध’ म्हणजे डिस्कव्हरी, जोडलेला ‘शोध’ म्हणजे रिसर्च. काकांची गफलत इथून आली असेल.

दुसरा आधार संस्थांच्या नावांचा. भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० साली स्थापन झालं, भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर १९१७ साली. त्या पिढीने हा शब्द जाणून घेतला असावा असं मला वाटतं, कारण त्यांचं काम पाहिलं की अर्थ पटतो. भांडारकर संस्थेने महाभारताची संशोधित आवृत्ती १९१९मध्ये हाती घेतली, ती १९६६मध्ये पुरी झाली. त्यासाठी १२५९ हस्तलिखितं ताडून पाहिली. वेगवेगळ्या लिप्यांतल्या पोथ्या, एकेका श्लोकासाठी ओळीने मांडायच्या आणि कुणाचा पाठ जुना ते ठरवायचं. मुख्य संपादक विष्णु सीताराम सुखठणकर यांची भूमिका फार नेमकी होती. ‘हे व्यासांचं मूळ महाभारत’ असं त्यांनी म्हटलं नाही. हाती असलेल्या पोथ्या जितक्या मागे नेतील तितक्या मागचं हे रूप, एवढाच त्यांचा दावा.

आणि जे श्लोक मूळ संहितेतून काढले ते फेकून दिले नाहीत. त्याच पानावर तळाशी, मोठे असतील तर परिशिष्टात, कोणत्या पोथीत आहेत त्यासकट छापले. मी पहिल्यांदा ते पान पाहिलं तेव्हा वर चार ओळी श्लोक आणि खाली अर्धं पान बारीक टाइपातले पाठभेद होते. शुद्ध करायचं, पण गाळलेलं वाचकाच्या नजरेआड करायचं नाही, म्हणजे उद्या कुणाला आपला निर्णय चुकीचा वाटला तर तो तपासू शकेल. मानव्यविद्यांतल्या संशोधनाची याहून चांगली व्याख्या मला करता येणार नाही.

* * *

संस्कृतची शिक्षिका :

‘संशोधन लागत नाही’ हा पुरावा मला पटला. आता मानव्यविद्येकडे येते, तो माझ्या आवडीचा शब्द आहे.

‘मानव्य’ हे भाववाचक नाम आहे. पंडित – पांडित्य, तसं मानव – मानव्य : माणूसपण. ‘ह्युमॅनिटीज’ ज्या लॅटिन शब्दापासून आला त्या ‘ह्युमॅनिटास’चीही घडण अशीच आहे, माणूस या शब्दापासून माणूसपण. युरोपात प्रबोधनकाळात ‘स्टुडिया ह्युमॅनिटाटिस’ म्हणून व्याकरण, वक्तृत्व, काव्य, इतिहास आणि नीतिशास्त्र शिकवत. हे विषय माणसाचे अवयव मोजत नाहीत, माणूसपण घडवतात, ही त्यामागची धारणा. म्हणून ‘मानव्यविद्या’ इतका चपखल शब्द दुसरा नाही. ‘मानवविद्या’ म्हटलं की ऐकणाऱ्याला मानवशास्त्र, म्हणजे अँथ्रपॉलॉजी, आठवतं. तो शब्द सोडून द्यावा. ‘मानव्यशास्त्रे’ चालेल, पण काव्याच्या अभ्यासाला शास्त्र म्हणताना मी जरा अडखळते.

‘शास्त्र’ या शब्दाबद्दल मात्र मराठीचा मला अभिमान आहे. हिंदीत राजनीति विज्ञान, मनोविज्ञान, रसायन विज्ञान. आपल्याकडे राज्यशास्त्र, मानसशास्त्र, रसायनशास्त्र. शास् म्हणजे शिकवणे, शासन करणे; शिस्तीने मांडलेलं ज्ञान ते शास्त्र, मग विषय धातूंचा असो की नात्यांचा. मराठीत रसायन अभ्यासणाराही शास्त्रज्ञ आणि समाज अभ्यासणाराही शास्त्रज्ञ. जर्मन भाषेत ‘विसेनशाफ्ट’ची, म्हणजे तिकडच्या ‘शास्त्र’ या शब्दाची, व्याप्ती अशीच आहे, म्हणून जर्मन तत्त्वज्ञ डिल्टाय यांना १८८३ साली मानव्याच्या अभ्यासालाही तोच शब्द लावता आला. इंग्रजीत ‘सायन्स’ एकोणिसाव्या शतकात आक्रसत निसर्गविज्ञानापुरता उरला, आणि मग सोशल सायन्स खरं सायन्स आहे का, असा वाद तिथे सुरू झाला. आपल्या शब्दाने तो प्रश्न निर्माणच होऊ दिला नसता. पण आपण शाखांची नावं इंग्रजीवरून घेतली आणि भांडणही त्यासोबत घेतलं.

एक सूचना : ‘सामाजिक शास्त्रे’ आणि ‘समाजशास्त्र’ यांत गल्लत करू नका. पहिल्यात अर्थशास्त्र, राज्यशास्त्र, मानवशास्त्र सगळं येतं, दुसरं त्यातलं एक. वर्तमानपत्रांत ही चूक नेहमी दिसते.

* * *

पद्धतिशास्त्र शिकवणारा :

गृहीतकाबद्दल तुम्हाला खटकतं ते योग्यच आहे. गृहीत म्हणजे घेतलेलं, धरलेलं, ज्याबद्दल आता वाद नाही. भूमितीत युक्लिडची गृहीतके आपण शिकलो, ती कुणी सिद्ध करायला सांगत नाही. ती धरून पुढे जायचं असतं. हायपोथिसिस नेमकं उलट. ते पणाला लावायचं असतं. ते पडू शकतं, म्हणूनच ते मांडण्यात अर्थ आहे.

मी प्रबंध तपासतो तेव्हा शेवटच्या प्रकरणात हमखास हे वाक्य येतं : ‘प्रस्तुत संशोधनाची सर्व गृहीतके सिद्ध झाली आहेत.’ दर वेळी मला वाईट वाटतं. जे धरूनच चालला होतात ते सिद्ध झालं यात नवल काय? शब्दाने विद्यार्थ्याला चुकीच्या रस्त्याला लावलं. त्याला वाटतं, आपण मांडलेलं खरं ठरलं नाही तर प्रबंध नापास होईल.

‘परिकल्पना’ हिंदीतून आला, अर्थाने बरा आहे, पण मराठी कानाला त्यात नुसती ‘कल्पना’ ऐकू येते. मी ‘अभ्युपगम’ वापरतो. जड आहे, कबूल. पण न्यायसूत्रांत, म्हणजे तर्कशास्त्रावरच्या जुन्या संस्कृत ग्रंथात, सिद्धांताचे चार प्रकार सांगितले आहेत, त्यातला एक अभ्युपगमसिद्धांत : अजून न तपासलेली गोष्ट चर्चेपुरती मान्य करायची आणि मग तिचा तपशील तपासायचा. ‘अपरीक्षित’ हा शब्द त्या सूत्रातच आहे. विद्यार्थ्यांना उच्चार जमत नसेल तर ‘तपासायचं विधान’ म्हणा, माझी हरकत नाही. ‘गृहीतक’ मात्र ‘असंप्शन’साठी राखून ठेवा. त्यालाही जागा हवीच : पत्र लिहिणाऱ्याने घरच्यांना समजावं म्हणून लिहिलं, हे तुम्ही गृहीत धरता. ते गृहीतक.

शिवाय प्रत्येक प्रबंधाला अभ्युपगम लागतोच असंही नाही. पोथीचा पाठ ठरवणाऱ्याने, एखाद्या कवीची भाषा अभ्यासणाऱ्याने, तुमच्यासारख्या पत्रं वाचणाऱ्यानेही नीट प्रश्न विचारला तरी पुरतं. आराखड्याच्या छापील नमुन्यात रकाना आहे म्हणून ओढूनताणून विधान तयार करू नये. त्याने मुलांचं फार नुकसान होतं.

* * *

प्रश्नकर्ती :

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री माझं तिसरं प्रकरण पुन्हा उघडलं. त्यात मी लिहिलं होतं : ‘स्थलांतरितांची पत्रे प्रामुख्याने पैशाविषयी असतात, हे गृहीतक सिद्ध झाले.’ मग पत्रांचा गठ्ठा पुन्हा काढला. एका पत्रात पैशाचा मजकूर ठळक, सरळ अक्षरात आहे, आणि शेवटी कागद संपत आल्यावर समासात आडवं, बारीक लिहिलं आहे : ‘आईचा खोकला कसा आहे ते खरे कळवणे.’ पहिल्या वाचनात मी समास टिपलाच नव्हता. मजकूर उतरवून घेताना फक्त मधला भाग उतरवला होता. अशी आणखी पत्रं निघाली.

आता वाक्य असं केलं आहे : ‘पत्रे प्रामुख्याने पैशाविषयी असतात, असे विधान तपासासाठी घेतले होते. समासातील मजकूर मोजणीत धरल्यावर ते टिकत नाही.’ आणि उतरवताना सुटलेल्या ओळी तळटीपेत, पत्राच्या क्रमांकासह देते आहे.

संपादकांना एक विचारायचं होतं. समासात आडवं लिहिलेला मजकूर छापताना मूळ मजकुराच्या शेवटी घ्यावा की वेगळा दाखवावा? काही पत्रांत तो आधी लिहिलेला दिसतो, शाई वेगळी आहे.

* * *

ग्रंथसंपादक :

वेगळा दाखवा, आणि शाई वेगळी आहे हेही नोंदवा. आधी की नंतर, याचा निर्णय तुमचा असेल, पण पुरावा पानावर राहू द्या. एकदोन पत्रांचे फोटो इथे टाकता आले तर पाहून सांगतो. नावं झाकून टाका.