मूग, उडीद, मटकी, चवळी: छेदांतला फरक जातीचा की रानाचा? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

सांगलीत एम.एस्सी. वनस्पतिशास्त्राच्या प्रकल्पासाठी या चार कडधान्यांच्या खोडाचे आणि पानांचे आडवे छेद घेते आहे. चारही विग्ना प्रजातीतली. त्यातली पहिली तीन सेराटोट्रोपिस उपगटातली, चवळी त्या उपगटाबाहेरची. त्यामुळे चवळीच वेगळी दिसेल अशी अपेक्षा होती.

स्लाइडवर उठून दिसते ती मात्र मटकी. खोडात सॅफ्रॅनिन या रंगाने लाल झालेला झायलेम (पाणी वाहणारी ऊती) कमी, पानात पॅलिसेडचा (वरच्या बाजूच्या उभ्या हिरव्या पेशींचा) थर जाड. आता अडचण अशी की मटकी जतकडच्या कोरडवाहू रानातली आहे आणि बाकीची तिन्ही वाळव्याच्या बागायती रानातली. मग हा फरक मटकीचा मानायचा की उन्हा-पाण्याचा?

दुसरं, छेदासाठी पेर (खोडाच्या दोन सांध्यांमधला भाग) कुठलं धरायचं? मूग उभा वाढतो, मटकी जमिनीवर पसरते. बुडापासून मोजलं तर वयच जुळत नाही.

केसांबद्दल शंका नाही, उडीद लवदार आणि चवळी जवळजवळ गुळगुळीत. देठाचा छेदही मधूनच घेते, कारण बुडाच्या फुगीर भागात वाहक ऊती मध्यभागी गोळा झालेल्या असतात.

---

प्रतिसाद:

ताई, चारही बिया एकाच मातीच्या कुंड्यांत, एकाच उन्हात लावा. याला दुसरा पर्याय नाही. पॅलिसेडची जाडी आणि रंध्रांची (पानावरच्या सूक्ष्म छिद्रांची) घनता ऊन-पाण्याने बदलते, त्यांवर जाती वेगळ्या करू नका. रंध्र-निर्देशांक काढा. वनस्पतिशास्त्रज्ञ सॅलिसबरी यांनी 1927 मध्ये तो मांडला तो याचसाठी: रंध्रांची संख्या भागिले रंध्रे आणि बाह्यत्वचेच्या इतर पेशी यांची बेरीज, गुणिले 100. घनतेपेक्षा तो बराच स्थिर राहतो. पानाची वरची आणि खालची बाजू वेगवेगळी मोजा, नेहमी मधल्याच पर्णिकेवर.

पेर शेंड्याकडून मोजा. पूर्ण उघडलेलं पहिलं पान धरायचं आणि त्याच्या खालचं पेर घ्यायचं. झायलेम किती साठला हे बघायचं असेल तर सगळी झाडं फुलोऱ्यावर आल्यावर मुख्य खोडाच्या बुडाचा वेगळा छेद घ्या. मटकीच्या आडव्या फांदीचा छेद मुगाच्या मुख्य खोडाशेजारी ठेवू नका.

शिरांच्या कडेचे स्फटिकही तपासा. ॲसेटिक ॲसिडमध्ये टिकले आणि हायड्रोक्लोरिकमध्ये बुडबुडे न येता विरघळले, तर कॅल्शियम ऑक्झलेट समजा.