रि: रि: अर्जंट – मंकीपॉक्सचा संशय असलेल्या पेशंटला बसवायचं कुठे?

मेघना:
नमस्कार मंडळी, शनिवारी येतेच आहे पण त्याआधी हे. आमच्या सर्जरीत, म्हणजे जीपीच्या (फॅमिली डॉक्टरच्या) दवाखान्यात, काल एक जण सरळ काउंटरवर आला, ताप, हातावर फोड, जांघेत गाठी. रिसेप्शनवाल्या मुलीने त्याला एमर्जन्सीला जा म्हणून बाहेर काढलं आणि तो बसने गेला! मॅनेजर म्हणतात खोली एकच आहे, तीही ब्लड टेस्टची. तुमच्याकडे काय करतात?

सुहास:
मेघना, परत पाठवायचं नाही. त्याला मास्क द्या, फोड कपड्याने झाका आणि त्याच खोलीत बसवून दार लावून घ्या, ब्लड टेस्ट तासभर थांबल्या तर काही बिघडत नाही. आत एकानेच जायचं, ग्लोव्हज, एप्रन, सर्जिकल मास्क, डोळ्यांना संरक्षण. प्रवास कुठे झाला, गेल्या 21 दिवसांत जवळचा संबंध कोणाशी आला, शरीरसंबंधसुद्धा, हे सरळ विचारायचं, पण आवाजात निवाडा नको, नाहीतर तो माणूस खरं सांगणार नाही आणि त्याचे मित्र दवाखान्यात येणारच नाहीत. मग इन्फेक्शनच्या स्पेशालिस्टला फोन, फोडाचा स्वॅब, पीसीआर. पॉझिटिव्ह येऊन अ‍ॅडमिट करावं लागलं तर मात्र फिट टेस्ट झालेला एफएफपी3 (चेहऱ्याला घट्ट बसणारा, बारीक कण गाळणारा मास्क) आणि लांब बाह्यांचा गाऊन. आणि जून 2022 पासून इंग्लंडमध्ये हा नोटिफायेबल आहे, म्हणजे नुसता संशय असला तरी सरकारी आरोग्य यंत्रणेला कळवायचं.

विद्या:
सुहास, आरोग्याचे मेल आधी समितीकडे यावेत असं कोविडच्या वेळीच ठरलंय, तुम्हीही होता त्या मीटिंगला. लोक असले मेल पुढे पाठवतात आणि मग फोन मला येतात. शिवाय ऑक्टोबर 2024 ला लंडनमध्ये क्लेड वन बीची (मंकीपॉक्स व्हायरसच्या एका प्रकाराची) पहिली केस सापडली तेव्हा हा एचसीआयडी, म्हणजे गंभीर परिणामांच्या संसर्गजन्य आजारांच्या यादीत होता, म्हणजे स्पेशल युनिट. जीपीच्या खोलीत कसा काय बसवणार?

सुहास:
विद्याताई, ते 2025 मध्ये बदललं, आता क्लेड वनही त्या यादीत नाही. आणि यादीत असता तरी बसमध्ये बसवण्यापेक्षा बंद खोली कधीही बरी. समितीचा मान आहेच, पण पेशंट समितीला विचारून येत नाही.

अण्णा:
मंकीपॉक्स देवीच्याच कुळातला ना, आमच्या पिढीच्या दंडावर देवीच्या लसीचा व्रण आहे. भारतातली देवीची शेवटची केस 1975 ची, नंतर ती लस बंद झाली, म्हणून तुम्हा मुलांना हे नवीन वाटतं. आम्हाला भीती नाही ना?

प्राची:
अण्णा, थोडंफार संरक्षण राहतं पण त्यावर विसंबू नका, लागण होऊ शकते. मला वॉर्डातलं सांगायचंय. सगळे मास्कवर भांडतात आणि चादरींचं कोणी बोलत नाही. 2018 मध्ये ब्लॅकपूलला एका हेल्थकेअर वर्करला लागण झाली, पेशंटचं निदान व्हायच्या आधी तिने त्याच्या चादरी बदलल्या होत्या. खपल्यांमध्ये व्हायरस असतो, म्हणून चादर झटकायची नाही, हलकेच गुंडाळून थेट पिशवीत, आणि क्लीनरलाही तेवढीच पीपीई. त्यांना कोणी सांगत नाही याचा मला फार राग येतो. खपल्या पडून खाली नवी कातडी येईपर्यंत पेशंटपासून लागण होते, ताप उतरला म्हणजे झालं असं नाही.

मेघना:
सुहासदादा, प्राची, थँक्यू, मॅनेजरना दाखवलं, खोली देतो म्हणाले. पण ती रिसेप्शनवाली मुलगी रडवेली झालीये. काचेच्या मागे होती, हात लावला नाही. तिला लस लागेल का?

प्राची:
नुसतं काचेमागे उभं राहिलं तर धोका अगदी कमी. रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तर हेल्थ प्रोटेक्शन टीम ठरवेल. ज्यांना खरा जवळचा संपर्क झाला त्यांना एमव्हीए-बीएन लस शक्यतो 4 दिवसांत देतात, 14 पर्यंतही देता येते. तोवर तिने 21 दिवस ताप-पुरळाकडे लक्ष ठेवावं. तिला ओरडू नका, तिला कोणी शिकवलंच नव्हतं.

विद्या:
सुहास, प्राची, हे दोन पानांत लिहून द्या, समिती शुक्रवारी पाठवेल. केअर होमवाल्यांसाठी चादरींचं सगळ्यात वर घ्या.