सलग ३२ रन! याला ऑफेन्स (चढाई) म्हणायचं का?

नोव्हीकर
अमेरिकन कॉलेज फुटबॉलमधली, आपल्या मिशिगनची पेन स्टेटविरुद्धची २०२३ची मॅच काल पुन्हा लावली. शेवटचे ३२ प्ले (चाली) सलग रन, म्हणजे चेंडू फेकायचा नाही, हातात घेऊन पळायचं! मधे एक पास टाकला होता, पण पेनल्टीमुळे तो हिशोबात धरला नाही. आपला क्वार्टरबॅक (चेंडू फेकणारा) जे. जे. मॅकार्थीचे अख्ख्या मॅचमध्ये आठ पास, त्यातले सात पोचले, ६० यार्ड. जिंकलो २४-१५. सासूबाई तेव्हा आमच्याकडे होत्या. म्हणाल्या, "फेकणारा मुलगा नुसता हातात चेंडू देतोय, मग त्याला ठेवलाय कशाला?" तेव्हा हसलो, आता पटतंय. पुढे एनएफएल या व्यावसायिक लीगच्या ड्राफ्टमध्ये (खेळाडूंच्या निवडीत) दहावा गेलेला पोरगा, त्याला पोस्टमन करून ठेवला. निम्मे-निम्मे नकोत, पण ४० टक्के तरी पास हवेतच.

डॅलसवाला
कशासाठी? हाफटाइमला पुढे होतो. पास खाली पडला की घड्याळ थांबतं, रनला चालू राहतं. समोरचे क्वार्टरबॅकवर तुटून पडायला टपलेले. चालतंय ते सोडून टक्के भरायला पास टाकायचा?

खडूस काका
मुळात टक्केच फसवे आहेत. कॉलेजात सॅक झाला (पास टाकायच्या आधीच क्वार्टरबॅकला पाडलं) की तो रन म्हणून लिहितात, गेलेले यार्डही रनमधूनच वजा. एनएफएलमध्ये ते पासच्या खात्यावर जातात. म्हणजे कोचने पास सांगितला, पोरगा आडवा झाला, आणि कागदावर 'रन'! आता काढा ४० टक्के.

नोव्हीकर
काका, २०१९ची एलएसयू (लुइझियाना स्टेट) घ्या मग. क्वार्टरबॅक जो बरोचे गुण मिळवून देणारे ६० टचडाऊन पास आणि क्लाइड एडवर्ड्स-हेलेअरचे रनचे १,४१४ यार्ड. १५-०, एकही मॅच हरले नाहीत. याला म्हणतात समतोल.

डॅलसवाला
ते यार्ड पासमुळेच मिळाले ना! रिसिव्हर (पास झेलणारे) मैदानभर पांगले की त्यांच्यामागे डिफेन्सही पांगतो, मधे माणसं कमी, क्लाइडला मोकळं रान. आणि नुसत्या पासवर काय होतं, तेही बघा. २०१४, वॉशिंग्टन स्टेट विरुद्ध कॅल (कॅलिफोर्निया). वॉशिंग्टन स्टेटचे कोच माईक लीच, त्यांच्या क्वार्टरबॅकने ७३४ यार्ड फेकले, विक्रम. हरले ६०-५९. शेवटी चेंडू गोल लाईनपासून दोन यार्डांवर, तिथून किक मारली, हुकली. दोन यार्ड हो!

आधी_चहा
तुम्ही दोघं मोजताय ते मुळात वेगळं राहिलंय का? आरपीओमध्ये (रन-पास ऑप्शन, रन की पास ते ऐनवेळी ठरतं) क्वार्टरबॅक चेंडू रनिंग बॅकच्या (घेऊन पळणाऱ्याच्या) पोटाशी धरतो आणि डोळे समोरच्या एकाच लाईनबॅकरवर (पुढच्या फळीमागच्या बचावपटूवर). तो एक पाऊल पुढे आला, चेंडू ओढून घ्यायचा आणि त्याच्या मागच्या रिकाम्या जागेत टाकायचा. जागेवरच राहिला, तर पोटातच सोडायचा. कॉलेजात पासच्या वेळी लाईनमन (पुढच्या फळीतले) तीन यार्ड पुढे जाऊ शकतात, एनएफएलमध्ये एकच. त्यामुळे समोरच्याला शेवटपर्यंत रनच वाटतो. कोचने काय सांगितलं होतं, रन की पास? दोन्ही.

खडूस काका
हे बरोबर बोललात. (तुमचं इथलं नाव मात्र बदला.)

नोव्हीकर
आरपीओ मान्य, ४० टक्के मागे घेतो. पण पासची भीती समोरच्याला वाटायला तरी हवी. २०२४ला मॅकार्थी गेला, तीन क्वार्टरबॅक आलटून पालटून झाले, आणि आपले आदल्या वर्षीच्या १५-०चे ८-५ झाले. टेक्सासने घरी येऊन ३१-१२ मारलं. मागे पडल्यावर रेटून किती रेटणार?

डॅलसवाला
त्याच वर्षी ओहायो स्टेटला त्यांच्या घरी १३-१०ने हरवलं. पासचे यार्ड सांगू? ६२.

नोव्हीकर
त्या मॅचला कोणी तक्रार करत नाही हो. सासूबाईसुद्धा नाही.