जिप्सी लिफ्ट केल्यापासून ७० च्या पुढे थरथर, तिसरा क्रॉस टाकला तरी तेच

कळव्याचा_जिप्सीवाला
मंडळी मदत करा, डोकं फिरायची वेळ आलीये. २००७ ची जिप्सी, गेल्या पावसाळ्याआधी लिफ्ट केली, म्हणजे गाडी उंच करायला स्प्रिंगचे पाटे ॲक्सलच्या हौसिंगखाली होते ते वर घेतले आणि ३१ इंची मड टायर टाकले. तेव्हापासून ६५-७० ला बुडाखाली गुणगुण सुरू होते आणि ८० ला अख्खी गाडी थरथरते, ऐरोली पुलावर आरशात मागचा एक ट्रक दोन दिसतो. मागच्या शाफ्टचा (मागच्या चाकांकडे ताकद नेणारी फिरती नळी) क्रॉस, म्हणजे टोकाचा वळणारा सांधा, बदलला की दहा-पंधरा दिवस बरं, मग परत ये रे माझ्या मागल्या. पाच महिन्यांत तीन क्रॉस झाले, शाफ्ट कळंबोलीहून बॅलन्स करून आणला, चाकं दोनदा बॅलन्स केली. ज्याने लिफ्ट केली तो म्हणतो लिफ्टवाली गाडी अशीच चालते, सवय करा. घोडबंदर रोडला काही जाणवत नाही, पण तिथे ७० लागतात कुठे! बायकोने गाडीत बसणं सोडलंय. कोणाला असा अनुभव?

मळके_टायर
३१ चे मड टायर आहेत ना, मग झालं. मड टायर हलणारच. रोड टायर टाकून बघ.

लेथ_आणि_चहा
टायर नसणार, उगाच त्याला खर्चात पाडू नका. साधा हिशोब आहे. ३१ इंची टायर ८० च्या स्पीडला सेकंदाला साधारण ९ फेऱ्या मारतो. टायरचा दोष असेल तर सेकंदाला ९ झटके, म्हणजे स्टिअरिंग हलेल, सीट हलेल, पण गुणगुण नाही येणार. मागचं रिडक्शन (चाकाच्या एका फेरीला शाफ्टच्या किती फेऱ्या) पावणेचार-चारच्या घरात धरलं तर शाफ्ट सेकंदाला ३४-३६ फेऱ्या मारतो, आणि क्रॉसचा दोष एका फेरीत दोनदा येतो म्हणून सेकंदाला ७० च्या आसपास. तू जे बुडाखाली गुणगुण म्हणतोयस ना ते हे. फोनमध्ये व्हायब्रेशन मोजणारं ॲप टाक, फोन फ्लोअरवर दाबून धरायला बाजूला कोणाला तरी बसव आणि आकडा बघ. ३५ आला तर बॅलन्स किंवा वाकलेली नळी, ७० आला तर अँगल.

आता दोनदा का येतो ते सांगतो, कारण गॅरेजवाल्यांना हेच माहीत नसतं. क्रॉस तिरका चालला की एका बाजूने शाफ्ट एकसारखा फिरत असला तरी दुसऱ्या बाजूने फेरीत दोनदा पुढे पळतो आणि दोनदा मागे पडतो. १० अंशाला हा फरक दीड टक्का, २० अंशाला सहा टक्के. दुसऱ्या टोकाचा क्रॉस तेवढ्याच अंशात असेल तर तो हीच चूक उलटी करून भरून काढतो आणि पिनियनला (मागच्या ॲक्सलमध्ये शाफ्ट ज्याला जोडतो तो गिअर) काही कळतही नाही. म्हणून दोन्हीकडचे अँगल सारखे पाहिजेत, आणि शाफ्टच्या दोन्ही टोकांचे योक (क्रॉस धरणारे दोन कान) एका रेषेत पाहिजेत. क्रॉस बदलताना स्लीव्ह (शाफ्टचा सरकणारा दातेरी भाग) ओढून काढली आणि बसवताना एक-दोन दात चुकले तरी बोंब. आधी ते बघ. मग सपाट जागेवर, चाकं जमिनीवर ठेवूनच (जॅकवर नाही, जॅकवर पाटे लोंबतात आणि सगळे आकडे खोटे येतात) तीन आकडे घे: ट्रान्सफर केसचा (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी) फ्लॅंज, शाफ्टची नळी, पिनियनचा फ्लॅंज. मॅग्नेटवाला अँगल मीटर मिळतो.

आणि हो, ८० ला न्यूट्रल करून बघ थरथर राहते का. पाम बीचला नको करू, पावती घरी येईल.

कळव्याचा_जिप्सीवाला
रविवारी सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडीखाली झोपून सगळं केलं, वॉचमन येऊन विचारून गेला साहेब चोरी तर नाही ना करत. योक एका रेषेत आहेत. ॲपवर ७१ च्या आसपास टोक येतंय, न्यूट्रलमध्येही थरथर तशीच. अँगल: ट्रान्सफर केस मागे खाली २, नळी १४, पिनियन नाक वर १०. शिवाय तासभर चालवून लगेच हात लावला तर ट्रान्सफर केसकडचा क्रॉस चटका बसेल इतका गरम, मागचा कोमट. दरवेळी हाच पुढचा जातो. जुना क्रॉस उघडला तर चारी दांड्यांवर निडल बेअरिंगच्या बारीक रेघा उमटल्यात, नखाला लागतात.

नेरुळचा_फोरबायफोर
सापडलं की भावा. पुढचा क्रॉस १४ मधून २ म्हणजे १२ अंश, मागचा १४ मधून १० म्हणजे ४. बारा आणि चार एकमेकांना कसे खाणार! पाटे वर घेताना हौसिंगवर नवीन सीट (पाटे टेकायच्या बैठका) वेल्ड कराव्या लागतात, तेव्हा तुझ्या माणसाने पिनियन मुद्दाम शाफ्टच्या दिशेने वर वळवलंय. कुठल्यातरी व्हिडिओत बघितलं असणार. ते बरोबर आहे, पण वरच्या टोकाला डबल क्रॉसवाला शाफ्ट असेल तरच. तुझ्याकडे दोन्हीकडे सिंगल आहे, तर पिनियन ट्रान्सफर केसला समांतर हवं, म्हणजे २ च्या आसपास. नाक इतकं वर ठेवलं की पिनियनच्या पुढच्या बेअरिंगला तेलही कमी पोचतं, ते वेगळंच. माझ्या गाडीत हेच होतं, मी दोन क्रॉसमध्ये शहाणा झालो, तू तीन घेतलेस.

पाटा आणि सीटच्या मध्ये पाचर घालून नाही भागणार, आठ अंशाची पाचर कोणी घालू नये. सीट कापून पुन्हा वेल्ड कर नाहीतर डबल क्रॉसवाला शाफ्ट बनव. वेल्ड करायची असेल तर आधी नुसते टाके मारून पाटे, यू बोल्ट, चाकं सगळं लावून गाडी जमिनीवर ठेव, अँगल बघ, मगच पूर्ण वेल्डिंग. स्प्रिंग ओव्हरमध्ये, म्हणजे पाटे असे हौसिंगच्या वर असले की, रेस दिली की पाटा पिळतो आणि नाक वर उचलतं, म्हणून एक अंश खालीच ठेव.

आणि ट्रान्सफर केसचे तिन्ही रबर माउंट टॉमी (लोखंडी दांडा) घालून हलवून बघ. जिप्सीत ट्रान्सफर केस गिअरबॉक्सपासून सुटी असते, एक जरी माउंट फाटला तरी ती तिरकी होते आणि तुझा २ चा आकडा दर खड्ड्याला बदलतो.

कायदेप्रेमी
लिफ्ट आरसीवर चढवली आहे का? मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि सुप्रीम कोर्टाचा २०१९ चा निकाल वाचा.

मळके_टायर
आला हा. त्याची गाडी थरथरतेय आणि ह्याला कलम.

कळव्याचा_जिप्सीवाला
अपडेट. वागळे इस्टेटला एका वेल्डरकडे दोन दिवस गाडी ठेवली. डावीकडचा माउंट अर्धा फाटलेला निघाला, टॉमी घातली तर रबर तोंड उघडून हसलं. तो बदलला, सीट कापल्या, टाके मारून पिनियन १ वर आणलं (पहिल्या वेळी ४ आलं, परत कापलं, वेल्डरने माझ्याकडे जे बघितलं ते विसरणार नाही). नळी आता साडेचौदा झालीये, म्हणजे पुढे साडेबारा, मागे साडेतेरा. काल शिळफाट्यावरून तळोज्यापर्यंत जाऊन आलो, ८० ला आरशात ट्रक एकच. ८८-९० ला अजून हलकीशी गुणगुण आहे.

लेथ_आणि_चहा
ती राहणार. साडेबारा-साडेतेरा हे सिंगल क्रॉसला जास्तच आहेत, बरोबरीचे असले तरी मधली नळी स्वतः फेरीत दोनदा झटके खातेच. हायवेला ८० च्या आत ठेव, ग्रीस दर दोन-तीन हजारांना मार आणि प्रत्येक वेळी क्रॉसच्या चारी कपांतून नवं ग्रीस बाहेर येतंय का बघ. एका कपातून येत नसेल तर पुढचा नंबर त्याचा. यू बोल्ट शंभर किमीनंतर परत आवळलेस का?

कळव्याचा_जिप्सीवाला
नाही. आत्ता खाली जातो.